वजनकाटा, उंचीची पट्टी आणि मणक्यातील पाणी

(वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : आमच्या घरात अलीकडे दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि दोन्ही वेळी कमरेत इंजेक्शन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करण्यात आला. माझी उंची ५ फूट ११ इंच आणि वजन ६८ किलो आहे. माझी हर्नियाची शस्त्रक्रिया होती. पाय पूर्ण बधिर झाले, पण आत ओढल्यासारखे वाटू लागल्याने मला मध्येच झोपेचे औषध द्यावे लागले. पत्नीची उंची ५ फूट आणि वजन ८४ किलो. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत तिची बधिरता छातीपर्यंत चढली, रक्तदाब उतरला, मळमळले आणि हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. दोघांनाही ३ मिलीलीटर औषध दिले होते असे कागदपत्रांत दिसते. तिचे वजन जास्त असताना तिलाच औषध जास्त कसे झाले? माझ्या ७२ वर्षांच्या थोरल्या भावाची आता प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांची उंची आणि वजन पाहून औषधाचे प्रमाण अचूक ठरवता येणार नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण ‘वजन जास्त तर औषध जास्त’ हा हिशोब आपण तापाच्या सिरपपासून शिकत आलेलो असतो. जे औषध रक्तात मिसळून सर्व शरीरभर जाते, त्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही असतो. स्पायनल, म्हणजे कमरेतील भूल, या हिशोबात बसत नाही. तिचे औषध रक्तावाटे कोठे जाऊन काम करत नाही. जेथे ते सोडले जाते तेथील द्रवात मिसळते आणि त्या द्रवात न्हाऊन निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांना तेथल्या तेथे बधिर करते. म्हणून येथे विचारायचा प्रश्न रुग्ण किती किलोचा आहे हा नसून त्याच्या मणक्यांच्या पोकळीत, कमरेच्या भागात, हा द्रव किती आहे हा असतो.

या द्रवाला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. बोलताना आम्ही सगळेच त्याला सीएसएफ म्हणतो आणि रुग्ण त्याला मणक्यातील पाणी म्हणतात. प्रौढ माणसात मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती मिळून तो सुमारे १५० मिलीलीटर असतो. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली ड्यूरा नावाच्या आवरणाची पिशवी पुढे माकडहाडाच्या दिशेने उतरते आणि तिच्यात द्रवात तरंगणारी मज्जातंतूंची मुळे असतात. आमची सुई या पिशवीत शिरते. कमरेच्या भागातला हा साठा माणसामाणसांत फार वेगवेगळा असतो, आणि आपल्या प्रश्नाची खरी मेख तेथेच आहे.

भूलतज्ज्ञ क्विन होगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत २५ स्वयंसेवकांच्या पाठीचे एमआरआय काढून हा द्रव मोजला. छातीच्या शेवटच्या दोन मणक्यांमधील चकतीपासून पिशवीच्या खालच्या टोकापर्यंत तो सरासरी ५० मिलीलीटर भरला. पण एका टोकाला २८ तर दुसऱ्या टोकाला ८१ मिलीलीटर असा फरक आढळला. म्हणजे निरोगी माणसांतच जवळजवळ तिप्पट अंतर! त्यातही स्थूल व्यक्तींमध्ये सरासरी सुमारे ४३, तर इतरांमध्ये सुमारे ५३ मिलीलीटर द्रव होता. एक चमचा साखर अर्ध्या पेल्यात घातली आणि तेवढीच भरल्या पेल्यात घातली, तर गोडीत जो फरक पडेल, त्या जातीचा फरक आपल्या दोघांच्या बाबतीत पडला असण्याची दाट शक्यता आहे. पत्नीकडे पाणी कमी, म्हणून तेच औषध दाट राहिले आणि वर चढले. आपल्याकडे पाणी अधिक, म्हणून ते पातळ होऊन खालीच थांबले. आपल्या दोघांचा द्रव कोणी मोजलेला नाही, त्यामुळे हे मी अनुमान म्हणूनच सांगतो आहे.

दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, याच धाग्याचे दुसरे टोक भूलतज्ज्ञ कार्पेंटर आणि सहकाऱ्यांच्या हाती लागले. त्यांनी दहा स्वयंसेवकांचा द्रव एमआरआयवर मोजला, मग प्रत्येकाला लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची तीच ५० मिलिग्रॅमची मात्रा दिली आणि बधिरता कोठवर चढते व किती वेळ टिकते हे नोंदवले. ज्यांचा द्रव कमी त्यांची बधिरता उंच गेली आणि उशिरा उतरली. चढण्याउतरण्यातील तफावतीचा सुमारे ८० टक्के भाग एकट्या द्रवाच्या प्रमाणाने उलगडत होता. मात्र बाहेरून घेतलेल्या मापांवरून हा द्रव ओळखता येतो का, हे तपासले तेव्हा वजन सोडल्यास कोणत्याही मापाचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. वजनाचा संबंध होता, पण तो उलटा : वजन वाढते तसा द्रव घटतो. दहा माणसांचा अभ्यास लहानच म्हणायचा, तरी रोज शस्त्रक्रियागृहात जे दिसते त्याला तो धरून आहे, आणि म्हणून भूलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला कायमची जागा मिळाली आहे.

स्थूलपणात द्रव कमी का होतो, याचे उत्तर पोटात आहे. मणक्यांची नळी हाडाची असली तरी तिला प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्या असतात, ज्यांतून मज्जातंतू बाहेर पडतात. पोटातील दाब वाढला की या खिडक्यांतील मऊ ऊती आत सरकतात आणि द्रवाची पिशवी दाबली जाते. पिशवी लवचिक आहे, पण पाणी दाबून लहान होत नाही. ते डोक्याच्या दिशेने निघून जाते आणि कमरेत साठा उणा राहतो. होगन यांनी स्वयंसेवकांच्या पोटावर बाहेरून दाब देऊन हेच पाहिले, तेव्हा काही मिनिटांच्या दाबानेही सरासरी साडेतीन मिलीलीटरच्या आसपास द्रव कमी झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकूण वजनापेक्षा ते वजन शरीरावर कोठे साठले आहे याला महत्त्व आहे. मांड्यांवर आणि नितंबांवर चरबी असलेली ८४ किलोची व्यक्ती आणि सुटलेल्या पोटाची ८४ किलोची व्यक्ती भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने एकसारखी नाही. अलीकडच्या काही अभ्यासांत पोटाचा घेर आणि पाठीच्या कण्याची लांबी ही दोन मापे उंची-वजनापेक्षा अधिक उपयोगी ठरली आहेत, आणि मला स्वतःला ही दिशा पटते. आपल्याकडे भूलपूर्व तपासणीच्या कागदावर उंची आणि वजनाचे रकाने असतात, पोटाच्या घेराचा नसतो. शिंप्याकडची टेप तेथे ठेवायला काहीच खर्च नाही.

उंचीबद्दलचा समज तर आणखी फसवा आहे. उंच माणसाला औषध जास्त लागावे हे तर्काला धरून वाटते, परंतु प्रौढांच्या उंचीतील फरकाचा मोठा वाटा पायांच्या लांब हाडांत असतो. ५ फुटांची आणि पावणेसहा फुटांची अशा दोन व्यक्ती खुर्चीवर शेजारी बसल्या की त्यांच्यातील अंतर किती घटते, हे घरात करून पाहण्यासारखे आहे. औषध पायात चढत नाही, कण्यात चढते. त्यामुळे नेहमीच्या उंचीच्या पट्ट्यात आम्ही उंचीवरून मात्रा फारशी बदलत नाही. अगदी बुटक्या किंवा अगदी उंच व्यक्तीसाठी मात्र ती विचारपूर्वक कमीजास्त करावी लागते.

आता एक सावधगिरी. हे सगळे वाचून द्रवाचे प्रमाण हाच एकमेव धनी आहे असे वाटू नये. आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे औषध ‘हेवी’ बुपिवॅकेन हे असते, म्हणजे त्यात डेक्स्ट्रोज मिसळून ते मेरुद्रवापेक्षा जड केलेले असते. साखर घालून औषध जड करण्याची ही युक्ती लंडनचे शल्यविशारद आर्थर बार्कर यांनी १९०७ मध्ये मांडली. जड औषध उताराकडे वाहते. रुग्ण पाठीवर झोपला की कमरेचा बाक हा टेकडीचा माथा होतो आणि पाठीच्या मधला भाग दरीसारखा खोल जातो; माथ्यावर सोडलेले औषध काही खाली माकडहाडाकडे आणि काही छातीच्या मणक्यांकडे उतरते. म्हणूनच इंजेक्शननंतर रुग्णाला किती वेळ बसवून ठेवले, कोणत्या कुशीवर झोपवले, टेबल डोक्याकडे किती झुकवले, यांवर बधिरतेची पातळी ठरते; आणि सुदैवाने या गोष्टी आमच्या हातात असतात, द्रवाचे प्रमाण नसते.

आपल्या स्वतःच्या अनुभवाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. हर्नियाची जागा मांडीच्या सांध्याजवळ असली तरी शस्त्रक्रियेत पोटाच्या आतील पडदा ओढला जातो आणि त्याच्या संवेदना बऱ्याच वरच्या मणक्यांतून येतात. त्यामुळे बेंबीपर्यंतची बधिरता तेथे जेमतेम पुरते, बेंबीच्या वरपर्यंत असलेली बरी. पत्नीच्या गुडघ्यासाठी मात्र एवढ्या उंचीची गरज नव्हती. म्हणजे ज्याला उंच बधिरता हवी होती त्याची खाली राहिली आणि जिला कमी चालली असती तिची वर चढली. यात कोणाचा हलगर्जीपणा शोधू नये. एकच ठोकळ मात्रा दोन भिन्न शरीरांत अशी वागू शकते.

भावाच्या शस्त्रक्रियेसाठी, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट काढणार असतील तर, बेंबीच्या पातळीपर्यंत बधिरता पुरेशी असते. तेथे कमरेतील भूल पसंत करण्यामागे आणखी एक कारण आहे : धुण्यासाठी वापरलेला द्रव रक्तात जास्त शोषला गेला तर त्याची पहिली लक्षणे अस्वस्थपणा आणि गोंधळलेले बोलणे ही असू शकतात, आणि ती जाग्या माणसातच लवकर लक्षात येतात. उतारवयात तीच मात्रा थोडी अधिक वर चढते आणि रक्तदाबही जास्त उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञ बहुधा हात आखडता ठेवतील. इंजेक्शननंतर ते स्पिरिटचा गार बोळा मांडीवर, मग पोटावर, मग बरगड्यांवर लावून “गार लागते का?” असे विचारतील, बेंबी, छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक आणि स्तनाग्रांची रेषा या त्यांच्या खुणेच्या जागा असतात. हाताची मूठ आवळायला सांगितली, तर करंगळीच्या बाजूच्या नसांपर्यंत औषध पोहोचले का हे ते पाहत आहेत असे समजावे. भावाला एवढे सांगून ठेवा की, खरे काय वाटते तेच बोलावे. “डॉक्टरांना वाईट वाटेल” म्हणून ‘हो, बधिर झाले’ असे म्हणणारे रुग्ण आम्हाला हमखास भेटतात.

प्रश्न : मग प्रत्येकाचा एमआरआय आधीच काढून औषध का ठरवत नाहीत? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : मोजणे शक्य आहे, पण मोजलेला आकडा टिकाऊ नाही. एमआरआय पाठीवर झोपवून काढला जातो आणि इंजेक्शन बहुधा बसवून, पाठ वाकवून देतात. त्या वाकण्यात पोट दाबले जाते, श्वासाचा वेग बदलतो, आणि द्रवाची वाटणी हलते. शिवाय दहा मिनिटांच्या कामासाठी एवढी महागडी तपासणी करून जे साधेल, ते टेबलाचा कोन बदलून किंवा सुरुवातीची मात्रा बेताची ठेवून बहुतेक वेळा साधते. जेथे खरोखर नेम हवा असतो, उदाहरणार्थ हृदयविकार असलेल्या अतिस्थूल रुग्णात, तेथे स्पायनल आणि एपिड्यूरल (द्रवाच्या पिशवीच्या बाहेर दिली जाणारी भूल) एकत्र देण्याची पद्धत आहे : आधी थोडे औषध द्यायचे, बारीक नळी मणक्यांजवळ ठेवायची आणि कमी पडले तर नळीतून वाढवायचे. मला विचाराल तर अंदाज अचूक करण्यापेक्षा अंदाज चुकला तरी निभावेल अशी सोय करणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या सिझेरियनच्या वेळी तिला फक्त २ मिलीलीटर औषध दिले असे समजले, तरी ती छातीपर्यंत बधिर झाली. गर्भारपणात तर वजन वाढलेले असते. (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : येथेही कारण पोटातील दाबच आहे, मात्र त्यात आणखी काही गोष्टींची भर पडते. भरल्या दिवसांचे गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या शिरेवर, म्हणजे अधोमहाशिरेवर, रेलते. तेथे अडलेले रक्त परतीची आडवाट शोधते आणि ती वाट मणक्यांच्या आतील शिरांतून जाते. या शिरा फुगतात, पिशवीवर दाब येतो आणि कमरेतील द्रव आणखी घटतो. गर्भारपणातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मज्जातंतूही औषधाला लवकर बधतात असे मानले जाते. आणखी एक साधी बाब म्हणजे, स्त्रीला कुशीवर झोपवले की रुंद झालेल्या नितंबांमुळे कणा डोक्याकडे उतरता होतो आणि जड औषध तिकडेच घसरते. बहिणीची छातीपर्यंतची बधिरता मात्र चूक नव्हती. सिझेरियनसाठी स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत बधिरता यावी अशीच अपेक्षा असते, नाहीतर गर्भाशय हाताळताना वेदना होतात.

उंची-वजनाचे म्हणाल तर, पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रियांना जड बुपिवॅकेनची एकच मात्रा देऊन १९८८ मध्ये केलेल्या एका अभ्यासात उंची, वजन आणि दोहोंचे गुणोत्तर यांपैकी कशाचाही बधिरतेच्या उंचीशी संबंध आढळला नव्हता. पुढे १९९१ मधील दुसऱ्या एका अभ्यासात कण्याची लांबी मोजली तेव्हा मात्र थोडा संबंध दिसला. बाळंतिणीला डावीकडे किंचित कलते ठेवणे आणि रक्तदाब उतरण्याआधीच औषधाची तयारी ठेवणे हे मात्रेच्या बारीक हिशोबापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

प्रश्न : दिवसांआधी जन्मलेल्या आमच्या नातवाच्या हर्नियासाठी कमरेतून भूल देणार आहेत. एवढ्या लहान पाठीत औषध जास्त नाही का होणार? (एक आजोबा, नागपूर)

उत्तर : येथे चित्र उलटे आहे, आणि म्हणून ते मला फार आवडते. तान्ह्या बाळात दर किलो वजनामागे मेरुद्रव सुमारे ४ मिलीलीटर असतो. प्रौढात तो साधारण २ मिलीलीटर असतो. बाळ लहान असले तरी त्याच्या मापाने पाणी दुप्पट असते. त्यामुळे दर किलोमागे औषध प्रौढापेक्षा बरेच अधिक लागते आणि तेवढे देऊनही बधिरता तास-दीड तासातच उतरते. सर्जनला घड्याळ पाहूनच काम करावे लागते. रक्तदाब मात्र बाळाचा सहसा उतरत नाही. बाळाचा मज्जारज्जू प्रौढापेक्षा खाली, तिसऱ्या कंबर-मणक्यापर्यंत, असतो, म्हणून सुई त्याहूनही खालच्या जागेतून घालतात. दिवसांआधी जन्मलेल्या बाळात पूर्ण भुलीनंतर श्वास मध्येच थांबण्याचा धोका असतो आणि तो टाळण्यासाठीच हा मार्ग निवडलेला असावा. तरीही शस्त्रक्रियेनंतर बाळाला देखरेखीखाली ठेवा असे सांगितले, तर घरी नेण्याची घाई करू नये.

प्रश्न : इंजेक्शनच्या वेळी सुईतून पाणी गळताना दिसले असे सहकारी म्हणाला. ते पाणी संपत नाही का? आणि नंतर उशी का देत नाहीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सुईतून दोन-चार थेंब आले की सुई योग्य जागी आहे एवढेच ठरते. शरीर हा द्रव दिवसाला सुमारे ५०० मिलीलीटर नव्याने बनवते, म्हणजे संपूर्ण साठा दिवसातून तीनदा बदलतो. थेंबांची भरपाई काही मिनिटांत होते. चिंता असते ती नंतर छिद्रातून गळत राहणाऱ्या द्रवाची. जर्मनीतील कील येथे शल्यविशारद ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून पहिली स्पायनल भूल दिली आणि नंतर ती स्वतःवरही करून पाहिली. सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई घातली, पण सिरिंज सुईला नीट बसेना, आणि त्या खटपटीत बियर यांचे बरेच पाणी वाहून गेले. भूमिका बदलून बियर यांनी हिल्डेब्रांट यांना इंजेक्शन दिले, ते बधिर झाले, आणि बधिरता तपासण्यासाठी त्यांच्या नडगीवर चक्क हातोडीने मारून पाहिले गेले. पुढे दोघेही आजारी पडले. बियर यांना उभे राहताच डोके दुखे आणि आडवे होताच थांबे. त्या डोकेदुखीचे हेच लक्षण आजही आम्ही विचारतो.

उशी न देण्याची प्रथा या डोकेदुखीच्या भीतीतून आली. तासन्‌तास उशीविना सपाट झोपवल्याने ती टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही. तिला खरा आळा घातला तो बारीक आणि पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांनी. त्यामुळे आपल्या भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर उशी जरूर घ्यावी. उठून बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी दोन दिवसांहून अधिक राहिली, तर मात्र मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून दिवस न काढता ज्यांनी भूल दिली त्यांनाच कळवावे. रुग्णाचेच थोडे रक्त छिद्राजवळ सोडून ते बंद करण्याचा उपाय त्यांच्याकडे असतो.